पोकर टूर्नामेंटच्या सुरुवातीला मोठी पानं कशी खेळावीत

टूर्नामेंटच्या पहिल्या तासात उठून गेलेल्या खेळाडूला विचारा, हातात काय होतं. सत्ती-दुर्री असं उत्तर क्वचितच मिळेल. बहुतेकदा एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, नाहीतर एक्का-राजा. फालतू पानं माणूस हसत टाकतो, म्हणजे डाव सोडून देतो. चांगली पानं टाकायची वेळ आली की हात जड होतो.

यात एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. लोक फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पानांच्या) आधी फार कमी चिप्स घालतात आणि फ्लॉपनंतर फार जास्त. क्रम नेमका उलटा हवा. खालचे टप्पे नो-लिमिट होल्डेमसाठी (प्रत्येकाला दोन पानं, टेबलावर पाच सामाईक, आणि कधीही सगळ्या चिप्स लावता येतात), नऊ जणांच्या टेबलासाठी आणि स्टॅक (आपल्या चिप्स) अजून खोल, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने मोठा असतानाच्या काळासाठी आहेत.

## टप्पा १: बसण्याआधी रचना वाचा

तीन आकडे पाहून ठेवा: सुरुवातीचा स्टॅक, पहिले ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पानं बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम; मोठी ती बिग ब्लाइंड) आणि एका लेव्हलचा वेळ, म्हणजे ब्लाइंड किती वेळाने वाढतात. या लेखातली सगळी उदाहरणं २०,००० चिप्स, ५०-१०० ब्लाइंड आणि अँटी (ब्लाइंडखेरीजची सक्तीची रक्कम) नाही, अशी धरली आहेत. म्हणजे तुमच्याकडे २०० बिग ब्लाइंड आहेत. पुढचे सगळे निर्णय या २०० वर उभे आहेत. तुमच्या टूर्नामेंटमध्ये सुरुवातच ५० बिग ब्लाइंडने होत असेल, तर टप्पा ७ मधले आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत.

लेव्हलचा वेळही महत्त्वाचा. पंधरा मिनिटांच्या लेव्हलमध्ये हा खोल काळ बघता बघता संपतो, तासाच्या लेव्हलमध्ये अर्धा दिवस टिकतो.

री-एंट्री (बाद झाल्यावर फी भरून परत बसण्याची सोय) असेल तर तिची फी हा दुसरा खर्च म्हणूनच मोजा. "परत बसता येईल" म्हणून पहिल्या लेव्हलला एक्का-राजावर सगळं लावणारे दर टूर्नामेंटला भेटतात.

तपासणी: डावात खरा स्टॅक दोघांपैकी ज्याचा लहान त्याचा. तुमच्याकडे २०,००० आणि समोरच्याकडे ३,००० असतील, तर तुम्ही ३० बिग ब्लाइंडचा डाव खेळत आहात, २०० चा नाही. पानं बघण्याआधी समोरच्यांच्या चिप्सच्या थप्प्यांवर नजर फिरवा.

## टप्पा २: मोठी पानं येण्याआधी टेबल वाचून ठेवा

एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा यांपैकी काहीतरी साधारण ३९ डावांत एकदा येतं. नुसते एक्के २२१ डावांत एकदा. ऑनलाइन नाही, प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे दोन तासांत अशी संधी एक-दोनदाच. मधला वेळ फोनमध्ये घालवला, तर संधी आल्यावर समोर कोण बसलंय हेच कळत नाही.

फार काही लक्षात ठेवायचं नाही. कोण वारंवार नुसता कॉल करून (लागेल तेवढीच रक्कम भरून) डावात शिरतो? कोण रेझला (कोणी रक्कम वाढवली तरी) कधीच पान टाकत नाही? आणि सगळ्यात मोलाचं: टर्न किंवा रिव्हरवर (चौथ्या किंवा पाचव्या सामाईक पानावर) रेझ करणाऱ्याने शेवटी काय पानं दाखवली? पत्ते उघडतात तेव्हा डावात नसलात तरी बघा. तुम्हाला ही माहिती फुकट मिळत असते.

## टप्पा ३: पानं उचलण्याची आणि बोलण्याची शिस्त

हा टप्पा क्षुल्लक वाटतो, पण एक्के हातात असताना इथेच गफलती होतात.

आपली पाळी येईपर्यंत पानं पाहू नका. आधी पाहिली की चेहरा, बसण्याची ढब, चिप्सकडे गेलेला हात, सगळं बोलू लागतं. पाहून झालं की पानांवर एखादी चिप ठेवा. काही न ठेवता मोकळी सोडलेली पानं डीलरने चुकून इतरांनी टाकलेल्या पत्त्यांत ओढून घेतली, तर ती सहसा परत मिळत नाहीत.

रेझ करायचा असेल तर आधी तोंडाने बोला: "रेझ, तीनशे." मग चिप्स सरकवा. न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली, तर प्रचलित नियमानुसार तो कॉल धरला जातो. माझ्या शेजारच्या एकाने पहिल्याच लेव्हलला हजाराची एक चिप गुपचूप टाकली. डीलर म्हणाला, "कॉल." त्याच्याकडे राजांची जोडी होती. शंभर गेले, नऊशे परत आले आणि सहा जणांनी फ्लॉप पाहिला. पुढे काय झालं ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच कळत होतं.

चिप्स एकाच हालचालीत पुढे करा. थोड्या टाकून, पुन्हा हात मागे नेऊन आणखी आणल्या, तर दुसरी खेप मोजली जात नाही.

## टप्पा ४: पहिला रेझ, आणि तो नेहमी सारखाच

तुमच्याआधी कोणीच डावात आलं नसेल, तर अडीच ते तीन बिग ब्लाइंडचा रेझ करा. आपल्या उदाहरणात २५० ते ३००. आधी कोणी नुसता कॉल करून आत आला असेल, तर अशा प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वाढवा. दोघं आत आले आहेत, म्हणजे ५००. तुम्ही ब्लाइंडवर असाल आणि फ्लॉपनंतर आधी बोलावं लागणार असेल, तर आणखी शंभर-दीडशे घाला.

आता नुसता कॉल करून एक्के लपवण्याचा मोह. हा मोह मीही करून बसलो आहे. पहिली लेव्हल, बोलायला पहिला मी, हातात एक्के. "मागून कोणीतरी रेझ करेल" म्हणून शंभर टाकले. कोणीच केला नाही. सहा जण फ्लॉपला: नव्वी, अठ्ठी, चव्वी. बिग ब्लाइंडवरच्या गृहस्थांनी बेट केली, मी रेझ केला, त्यांनी परत रेझ केला आणि मी डोळे मिटून सगळं लावलं. त्यांच्याकडे नव्वी-चव्वी होती. त्या पानांवर ते तीनशेचा रेझ कधीच भरणार नव्हते. मीच त्यांना फुकटात आत घेतलं होतं.

गणित सरळ आहे. कुठल्याही पानांच्या एका विरोधकासमोर एक्के सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६ आणि पाच जणांसमोर साधारण ४९. डाव अजूनही तुमच्या फायद्याचाच असतो, पण आता तुम्ही जिंकण्यापेक्षा हरण्याचीच शक्यता किंचित जास्त असते. शिवाय समोर कोणाकडे काय असेल याचा अंदाजच बांधता येत नाही.

इशारा: एक्क्यांवर सहाशे आणि बाकी पानांवर अडीचशे, असा भेद करू नका. तासाभरात टेबलाला ते कळतं. रेझ पोझिशनप्रमाणे (बोलण्याच्या क्रमातल्या जागेप्रमाणे) बदला, आत आलेल्यांप्रमाणे बदला, पानांप्रमाणे बदलू नका.

सगळ्यांनी पानं टाकली आणि एक्क्यांवर दीडशेच मिळाले, तर हळहळू नका. पुढच्या वेळी "कमी रेझ करून बघू" हा विचार तिथूनच सुरू होतो.

## टप्पा ५: आधीच कोणी रेझ केला असेल तर

इथे बहुतेक जण कॉल करून थांबतात. माझ्या मते सुरुवातीच्या लेव्हल्समधली ही सगळ्यात महागडी सवय आहे, कारण तिचा तोटा डोळ्यांना दिसतच नाही.

समजा, मधल्या जागेवरून एकाने ३०० केले आणि तुम्ही बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या जागेवर) एक्के घेऊन बसला आहात.

नुसता कॉल केला आणि ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली, तर पॉट (मधे जमलेली रक्कम) ७५० चा. पुढे फ्लॉप, टर्न, रिव्हर अशा तिन्ही वेळा पॉटच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास बेट झाली: ५००, मग १,२००, मग २,८००. शेवटपर्यंत कॉल मिळाला तरी तुमचे एकूण ४,८०० आत गेले. स्टॅकचा पाव हिस्साही नाही.

आता थ्री-बेट करा, म्हणजे त्याच्या रेझवर परत रेझ. पोझिशन तुमच्याकडे असेल (फ्लॉपनंतर तुम्ही त्याच्या मागून बोलणार असाल) तर समोरच्या रेझच्या तिप्पट किंवा थोडी वर, ब्लाइंडवरून खेळत असाल तर चौपट. १,००० केले, त्याने भरले. पॉट २,१५०. पुढे १,१००, मग २,८००, मग ६,५००. एकूण ११,४०० आत. प्रत्येक बेट तितकीच बेताची, तरी रक्कम दुपटीहून जास्त. फ्लॉपआधीचे ते सातशे पुढच्या प्रत्येक बेटमध्ये वाढत जातात.

म्हणून एक्के आणि राजे असतील तर थ्री-बेट जवळपास नेहमीच. राण्या आणि एक्का-राजा असतील तरी बहुतेक वेळा, पण रेझ करणारा अगदी पहिल्या जागेवरचा, तासभर गप्प बसलेला माणूस असेल तर राण्यांवर नुसता कॉलही योग्य आहे. गुलामांच्या जोडीवर मी सुरुवातीला बहुतेकदा कॉलच करतो. थ्री-बेटला समोरची दुबळी पानं निघून जातात आणि जी राहतात त्यांना गुलाम घाबरून असतो.

तपासणी: थ्री-बेट बोलण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: समोरून आणखी रेझ आला तर मी काय करणार? उत्तर तयार नसेल तर दहा सेकंद थांबा. घाई कोणाला नाही.

## टप्पा ६: समोरून फोर-बेट आली

तुमच्या थ्री-बेटवर त्याने परत रेझ केला, ती फोर-बेट: तुम्ही १,००० केले, त्याने २,५०० केले. आता पानांप्रमाणे वाटा फुटतात.

एक्के: पुन्हा रेझ करा किंवा कॉल करा, दोन्ही चालेल. समोरचा तापलेला असेल तर रेझ.

राजे: नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना बाकी आठांपैकी कोणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणजे पंचवीसात एकदा. समोरून फोर-बेट आल्यावर ती नक्कीच वाढते, पण फ्लॉपआधी राजे टाकण्याची खरी वेळ इतकी क्वचित येते की तिचा सराव करू नका. एक्क्यांसमोर सापडलात तर सापडलात, १८ टक्के तरी उरतात.

एक्का-राजा: इथे लोक फसतात. २०० बिग ब्लाइंड खोल असताना फोर-बेट करणाऱ्या सावध खेळाडूकडे एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी धरा. तुमच्या हातातला एक्का आणि राजा त्याच्या जोड्यांची शक्यता कमी करतात: एक्क्यांच्या सहाऐवजी तीन जोड्या उरतात, राजांच्याही तीन, राण्यांच्या मात्र पूर्ण सहा. तरीसुद्धा या सगळ्यांसमोर मिळून वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा सुमारे ३१ टक्केच जिंकतो. एवढ्यावर सगळा स्टॅक लावणं म्हणजे जाणूनबुजून तोट्याचा सौदा. समोरचा बेधडक असेल आणि पोझिशन तुमची असेल तर कॉल, नाहीतर पानं टाका. तीस बिग ब्लाइंड उरलेले असताना हाच एक्का-राजा आनंदाने ऑल-इन करता येतो. पानं तीच, पण आता जोखीम फक्त तिसाची.

इशारा: "टूर्नामेंट आहे, टिकून राहू" म्हणून राजे-राण्या भित्रेपणाने खेळू नका. चिप्स दुप्पट झाल्या की बक्षिसाची अपेक्षा दुपटीहून थोडी कमी वाढते हे खरं, पण पहिल्या लेव्हल्समध्ये हा फरक बारीक असतो. त्याची खरी धग बक्षिसांच्या उंबरठ्यावर बसते.

## टप्पा ७: फ्लॉप पडला, बेट करण्याआधी तीन गोष्टी मोजा

एक: समोर किती जण? एकासमोर मोठी जोडी दमदार आहे. तिघांसमोर तिची किंमत झपाट्याने उतरते.

दोन: पानं जुळणारी आहेत का? राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, या फ्लॉपवर समोरच्याला धरून ठेवायला फारसं काही नसतं. लहान बेट पुरे, पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. दश्शी-नव्वी-सत्ती आणि त्यात दोन किलवर असतील, तर स्ट्रेट (ओळीतली पाच पानं) आणि फ्लशची (एकाच रंगाची पाच पानं) वाट बघणारे बरेच असतात. तिथे दोन-तृतीयांश किंवा जास्त घ्या. स्वस्तात पान दाखवू नका.

तीन: पॉटच्या मानाने मागे किती उरलंय? साध्या रेझच्या डावात पॉट ७५० आणि मागे १९,७००, म्हणजे सव्वीसपट. थ्री-बेटच्या डावात पॉट २,१५० आणि मागे १९,०००, म्हणजे नऊपटीच्या जरा खाली. सव्वीसपट उरलेलं असताना एका जोडीवर सगळं आत जात असेल, तर समोरच्याकडे एका जोडीपेक्षा जास्त आहे असंच समजा.

लहान जोडीवाले हेच ताडून असतात. पंज्यांच्या जोडीला फ्लॉपवर तिसरी पंजी सुमारे साडेआठ वेळांत एकदा मिळते. एकदा लागेपर्यंत त्याचे तीनशे साडेसात वेळा बुडतात, म्हणजे २,२५०. पॉटमध्ये तुमचे तीनशे आणि ब्लाइंडचे दीडशे आहेतच. उरलेले अठराशे तुमच्याकडून निघाले की त्याचा खर्च वसूल. तुम्ही एका जोडीवर वीस हजार देणारे असाल, तर त्याचा प्रत्येक कॉल सोन्याचा.

आता पानांप्रमाणे थोडं. राजे असताना फ्लॉपवर एक तरी एक्का सुमारे २३ टक्के वेळा पडतो. राण्यांवर एक्का किंवा राजा ४१ टक्के, गुलामांवर त्याहून मोठं पान ५७ टक्के. म्हणजे गुलामांवर मोठं पान पडणं हा अपघात नाही, तो रोजचा प्रकार आहे. एकासमोर असाल तर एक लहान बेट करा किंवा चेक करा (काही न लावता पाळी पुढे द्या). कॉल किंवा बेट आली की टर्नवर हात आखडता घ्या.

एक्का-राजाला फ्लॉपवर जोडी तीनपैकी साधारण एकदाच लागते. लागली नाही, समोर एकच जण आहे आणि फ्लॉप विस्कळीत आहे, तर एक बेट करा. कॉल आला तर सहसा तिथेच थांबा. दोन-तीन जण असतील तर ती एक बेटही नको. "पण एक्का-राजा होता" या वाक्याने किती चिप्स खाल्ल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, हे बरंच आहे.

## टप्पा ८: बेटवर रेझ आला, इथेच टूर्नामेंट वाचते

एक डाव जवळून पाहू. तुमच्याकडे इस्पीक आणि चौकट एक्का. तुम्ही ३०० केले, बटणाने भरले. तो शांत माणूस आहे, दोन तासांत त्याने फ्लॉपनंतर एकदाही रेझ केलेला नाही. फ्लॉप: किलवर दश्शी, किलवर सत्ती, बदाम तिर्री. तुम्ही ५००, कॉल. टर्नला चौकट दुर्री. तुम्ही १,२००, कॉल. पॉट ४,१५०. रिव्हरला किलवर अठ्ठी.

तुम्ही २,००० लावले. तो क्षणभर चिप्सची थप्पी चाचपतो आणि शांतपणे म्हणतो, "सात हजार."

तुम्हाला आणखी ५,००० भरायचे आहेत आणि पॉट १३,१५० झाला आहे. कॉल परवडायचा तर साधारण २७-२८ टक्के वेळा तुम्ही पुढे असायला हवं. आता प्रश्न पानांचा राहिला नाही, माणसाचा झाला. ज्याने दोन तासांत रेझ केला नाही, तो फ्लश पूर्ण करणाऱ्या पानावर चारात एकदा तरी थाप मारेल का? मला वाटत नाही. एक्के टाका. मागे १६,००० उरतात, १६० बिग ब्लाइंड. टूर्नामेंट जशीच्या तशी पुढे आहे.

त्याच जागी दर तिसऱ्या डावाला रेझ करणारा उतावळा असता तर कॉल करा. म्हणूनच टप्पा २ वगळायचा नाही.

इशारा: "एवढे घातले आहेत, आता काय सोडायचं" हा हिशेब चुकीचा आहे. घातलेले ४,००० पॉटचे झाले, तुमचे राहिले नाहीत. निर्णय फक्त पुढच्या पाच हजारांचा.

आणखी एक: टाकलेली पानं उघडून दाखवू नका. "बघा, एक्के टाकले" म्हणून कौतुक मिळेल, पण पुढच्या तासाभरात टेबलावरचा जो तो तुम्हाला रिव्हरवर रेझ करून उठवायला बघेल.

## टप्पा ९: डावानंतर आणि लेव्हल बदलल्यावर

डाव संपला की फोनमध्ये किंवा कागदावर चार गोष्टी टिपा: जागा, खरा स्टॅक, प्रत्येक वेळचा पॉट, समोरच्याने काय दाखवलं. हरलेला डाव लोक टिपतात. जिंकलेला टिपत नाहीत, आणि कमी मिळवल्याची चूक तिथेच दडलेली असते. राजांवर पॉट जिंकलात, पण थ्री-बेट न करता जिंकलात, तर तेही लिहा.

प्रत्येक नव्या लेव्हलला स्टॅक पुन्हा बिग ब्लाइंडने भागा. शंभरच्या खाली आलात की मोठ्या जोडीवर थोडं जास्त पुढे जायला हरकत नाही. चाळीसच्या आसपास थ्री-बेटच्या डावात पॉटच्या मानाने मागे इतकं थोडं उरतं की फ्लॉपवर मोठी जोडी टाकणं क्वचितच बरोबर असतं. तिथे पोहोचलात की टप्पा ८ मधला तो एक्के टाकण्याचा निर्णय विसरा. दोन लेव्हल्सपूर्वीची सावधगिरी तशीच चालू ठेवून, पंचवीस बिग ब्लाइंडवर राण्या टाकणारेही मी पाहिले आहेत.